बंकटची दोरी

माणसाला नाद कसलाही लागू शकतो. आमच्याकडं कुणाला बैलांचा असतो, कुणाला तमाशाचा, कुणाला इलेक्शनचा. आणि या तिन्ही नादांनी घरं बसलेली सगळ्यांनी पाहिलीत. पण शहादेवला जो नाद होता, तो दिंद्रुडपासून माजलगावपर्यंतच्या टापूत दुसऱ्या कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही. तो आगीच्या घंटा जमवायचा. नुसत्या घंटाच नाही. आग लागल्यावर माणसांना सावध करणारं जे जे जुनं सामान असेल, ते ते सगळं. काच फोडून आतलं बटण दाबायच्या लाल पेट्या, हातानं दांडा फिरवायचे भोंगे, उलट्या वाटीसारख्या दिसणाऱ्या विजेच्या घंटा. दूधसंघाच्या शीतगृहातलं एक यंत्र तर असं होतं की त्यातली शिशाची कडी उष्णतेनं वितळली की वजन खाली पडायचं आणि घंटा आपोआप घणघणायची.

हे सामान यायचं कुठून, असं कुणी विचारलं तर शहादेव हसायचा. आमच्या भागात सहकार वाजतगाजत आला आणि गुपचूप गेला. सूतगिरणी गेली, तेलगिरणी गेली, दूधसंघ गेला. मोटारी भंगारात गेल्या, खुर्च्या कुणाच्या घरी गेल्या ते विचारू नये. भिंतीवरची लाल पेटी मात्र कुणालाच नको असायची. शहादेव सायकलीवर पोतं घेऊन जायचा आणि ती उतरवून आणायचा. माजलगावच्या भंगारवाल्यालाही त्यानं सांगून ठेवलं होतं. केशरबाईचं माहेरचं तांब्याचं घंगाळ एक दिवस त्या भंगारवाल्याकडं गेलं आणि बदल्यात सूतगिरणीचा भोंगा घरात आला. केशरबाई म्हणजे त्याची बायको. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही.

"भोंगाच खावा आता," ती म्हणाली.

शहादेवला ते ऐकू गेलं नाही. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या घरघराटात उमर घालवलेला माणूस. पन्नाशीच्या आतच त्याचे दोन्ही कान गेले होते. ज्याला ढगांचा गडगडाट ऐकू येत नाही त्यानं घंटा जमवाव्यात, याला काय म्हणावं? गाव त्याला हसायचं. केशरबाई हसायची नाही. तो पितळेला चिंच आणि राख लावून घासायचा, गंजलेल्या स्प्रिंगा रॉकेलमध्ये भिजत घालायचा, काचा खोबरेल लावलेल्या फडक्यानं पुसायचा, आणि सगळं झाल्यावर त्या घंटेवर तळहात ठेवून डोळे मिटून बसायचा. तो कशाची वाट बघतो, हे तिला ठाऊक होतं.

अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत हे सगळं टांगलेलं असायचं. त्या खोलीचा एकच कायदा होता: काहीही वाजवायचं नाही. कुणी हात पुढं केला की शहादेव अंगावर धावून जायचा.

"आगीची घंटा उगाच वाजवू नये बे! फुकट वाजवली की ती आग मागती. घेतल्याबिगर ऱ्हात न्हाई."

आणि दुसरा, त्याहून कडक कायदा केशरबाईसाठी होता. खंडेनवमीला त्या खोलीत हळदकुंकू न्यायचं नाही.

याचं कारण खोलीच्या मधोमध लोखंडी आकड्याला टांगलेलं होतं. ती सोसायटीच्या जिनिंगची घंटा. काशाची, घागरीएवढी, एका अंगानं काळी पडलेली. शहादेवच्या नादाचा पहिला नग तोच. चिंच झाली, लिंबू झालं, विटकरीची पूड झाली, पण तो काळेपणा हटला नाही. आणि त्या घंटेला एक वास होता. उन्हाच्या वेळी खोलीचं दार उघडलं की यायचा. जळक्या कापसाचा.

शहादेवला एक धाकटा भाऊ होता, बंकट. आई लवकर गेल्यामुळं केशरबाईनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला; दीर कमी आणि लेक जास्त. मोठा झाल्यावर तो जिनिंगवर राखणदार लागला. शहादेव तिथंच मशीनवर होता, केशरबाई कापसाच्या ढिगावर निवडायला जायची. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. नांगर, विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, ट्रॅक्टर. जे जे पोटाला घालतं, त्याला हळदकुंकू. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, त्याचा आवाज काढायचा नाही. जिनिंगमध्येही सगळी मशीनं पुजली गेली. मग कुणाच्या तरी मनात आलं की घंटेनं काय पाप केलंय? तीही राबतेच की. म्हणून घंटेच्या लोलकालाही लाल फडकं गुंडाळून वरून हळकुंडाचा दोरा करकचून बांधला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटून आलं की सोडायचा, अशी रीत.

पण सोनं लुटायच्या आधीच, सकाळी, तेव्हाच्या चेअरमनला कापूस खरेदीचा मुहूर्त करायची घाई झाली. पहिल्या गाड्या आल्या, ताशे वाजू लागले, फोटोवाला आला, आणि फोटोपुरतं मशीन चालवलं. कापसात खडा होता की काय होतं देव जाणे, ठिणगी उडाली. बंकट धावत जाऊन घंटेची दोरी ओढू लागला. तो ओढतोय आणि आवाजच नाही. केशरबाई ढिगावर होती, तिला तेवढं ऐकू आलं. ठप्. ठप्. ठप्. उशीवर बुक्की मारावी तसं. शहादेवला लांबून नुसते भावाचे हात वरखाली होताना दिसले. मग बंकटनं दोरी सोडली आणि तो ओरडत आत घुसला. बायका बाहेर निघाल्या. केशरबाईला तर त्यानं दंडाला धरून बाहेर फेकली. "वैनी, पळ!" एवढंच म्हणाला आणि आणखी कुणी राहिलंय का ते बघायला पुन्हा आत गेला.

तो परत आला नाही. विझल्यावर घंटा निघाली. लोलकाभोवतीचं फडकं जळून गेलं होतं. दोरी वरून निम्मी काळी, खालची, मुठीत धरायची, तशीच शाबूत. शहादेवनं घंटा आणि दोरी दोन्ही घरी आणली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी तो दुष्काळ आला. माजलगावच्या धरणाच्या पोटात गेलेल्या गावांच्या भिंती उघड्या पडल्या आणि माणसं आपापल्या आजोबांचा उंबरा ओळखायला जाऊ लागली, ते साल. अर्धं गाव ऊस तोडायला गेलेलं होतं. ते परत आलं तर गावात जनावरांना चारा नाही, माणसांना पाणी नाही. तेव्हा बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात सोसायटीनं चारा छावणी काढली. चेअरमन आप्पाराव. जिनिंग बंद पडली तरी चेअरमनकी बंद पडलेली नव्हती. बांबू रोवले, वर हिरवी जाळी ताणली, खाली जनावरांच्या रांगा लागल्या, आणि जनावरांच्या शेजारीच माणसांनी संसार मांडले. चारी बाजूंना कडब्याच्या गंज्या. तीन दगडांच्या चुली. पाणी टँकरचं, तेही आलं तर आलं.

शहादेव एकदा जाऊन ते बघून आला आणि त्याचं अन्न गोड लागेना. त्याच जागी, तशाच वाळक्या ढिगात, माणसं झोपली होती. त्यानं पत्र्याच्या खोलीतली घंटा उतरवली. घरातून बाहेर गेलेली ती त्याची पहिली आणि शेवटची वस्तू. जुनी दोरी मात्र त्यानं आकड्यालाच राहू दिली आणि घंटेला नवी, जाड दोरी घातली. छावणीतल्या लिंबाच्या फांदीला ती टांगली, सगळ्यांना गोळा केलं आणि शिडीवरूनच, बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्यानं ओरडून सांगितलं.

"घंटा वाजली की पयलं जनावराचं दावं सोडायचं. सुटत नसंल तर कापायचं. पोरं काखंत मारायची आन् माळाला पळायचं. गठुडं, भांडं, चूल, कशाकडं बघायचं न्हाई! समजलं का?"

माणसांनी माना डोलावल्या. शहादेव शिडीवरून उतरताना घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला.

त्या दिवसापासून तो घरी बाजेवर. लेक पुण्याकडं कंपनीत. येऊन दवाखाना करून गेला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, पडून राहू द्या. केशरबाई सकाळी छावणीत जाऊन तिथं बांधलेल्या आपल्या गाईचं बघायची आणि दुपारी घरी येऊन नवऱ्याची कूस बदलायची, पाठीला तेल चोळायची. तो रोज एकच विचारायचा.

"लोलक मोकळा हाय ना?"

केशरबाई मान हलवायची. हो.

सुरुवातीला ते खरंही होतं. पण रिकामी माणसं आणि टांगलेली घंटा एका ठिकाणी आली की काय होणार? पहिल्यांदा कुणीतरी जाता जाता हात जोडले. मग कुणी कुंकू लावलं. मग बुंध्याशी दगड मांडले गेले, त्यांना शेंदूर फासला. घंटा वाजवायची मनाई होती, त्यामुळं तर देव जास्तच कडक वाटायला लागला. पुढं कडूबाई नावाच्या एका म्हातारीनं, जिच्या म्हशीला ताप होता, लोलकाला नवसाचा दोरा बांधला. योगायोगानं म्हैस उठली. झालं. पावसासाठी दोरे, गाभण गाईसाठी दोरे, ऊसतोडीच्या मुकादमानं दिलेली उचल परत मागू नये म्हणून दोरे. कडूबाईची खोपटी लिंबाखालीच होती, तीच मग पुजारीण झाली.

"आगं केशर, तू बी बांध की," ती म्हणाली. "नवा देव हाय. आजून मागणाऱ्यांची गर्दी न्हाई. लवकर ऐकतो."

केशरबाईला कळत नव्हतं असं नाही. पण त्या आठवड्यात शहादेव तापानं फणफणला होता आणि रात्रभर 'बंकट, बंकट' करत होता. सगळे डॉक्टर संपले की माणूस दोऱ्यापाशीच येतो, त्याला शहाणपण शिकवू नये. तिनं आपल्या जुनेराच्या काठाची चिंधी फाडली, तिच्यात हळकुंड बांधलं आणि लोलकाला गुंडाळून घट्ट गाठ मारली. "यांना उठून बसवा," म्हणाली. घरी आली तर ताप उतरलेला. शहादेवनं विचारलं, "लोलक मोकळा हाय ना?"

तिनं मान हलवली. यावेळी ते खोटं होतं.

ठप् ऐकू आलं ते दुसऱ्या दिवशी.

टळटळीत दुपार होती. अशा दुपारी आमच्याकडं कुत्रंसुद्धा भुंकत नाही; वाटा पांढऱ्या पडतात आणि चालणाऱ्या माणसाची सावली पायाखाली दडते. जाणती माणसं म्हणतात, रात्रीपेक्षा ही वेळ वाईट. केशरबाई नवऱ्याच्या पायथ्याशी बसून पदरानं वारा घालत होती. पत्र्याच्या खोलीतून आवाज आला. ठप्.

उंदीर असेल, ती म्हणाली. पण दुष्काळात गावातले उंदीरही गेले होते. पुन्हा आला. ठप्. उशीवर बुक्की मारावी तसा. तिच्या हातातला पदर गळून पडला. हा आवाज तिनं जन्मात एकदाच ऐकला होता.

तिनं उठून खोलीचं दार उघडलं. आत सगळं जागच्या जागी. लाल पेट्या, भोंगे, काचा. मधला आकडा रिकामा, त्याला जुनी दोरी लोंबत होती. घंटा जाऊन दोन महिने झाले होते, तरी जळक्या कापसाचा वास तिथंच होता. उलट जास्त झाला होता. तिनं दाराला कडी घातली आणि कडीत विळा अडकवला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग ते रोजचंच झालं. ऊन डोक्यावर आलं की ठप्. छावणीत घंटेवर जसजसे दोरे वाढत गेले, तसतसा इकडं आवाज जड होत गेला. तिनं शेजारणीला बोलावून आणलं, तर शेजारीण म्हणाली, "काय बी न्हाई, तुझं डोस्कं उन्हानं फिरलंय." तिनं छावणीत विषय काढून पाहिला. कडूबाईला म्हणाली, "जरा लोलक मोकळा करावा म्हन्ते. आग लागली तर वाजंल कशी?"

"आगं, देव असताना आग कावून लागंल?" कडूबाई म्हणाली. बायका हसल्या. एकीनं सुनावलं, "दुसऱ्याचा नवस सोडलास तर पाप तुझ्या पदरात."

आणि केशरबाईच्या स्वतःच्या मनात तरी काय होतं? तिची चिंधी सगळ्यांच्या आत होती, अगदी लोखंडाला लागून. शहादेव त्या गाठीपासून बरा होत चालला होता. दोन घास जास्त खात होता. गाठ सोडायची म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. न सोडावी, तर तिच्या कानात रोज कुणीतरी जीव तोडून दोरी ओढत होतं. नवरा की छावणी? असा हिशेब कुठल्या बाईला सुटलाय?

वैशाखातली ती दुपार. सकाळपासून वारा पडलेला. केशरबाईनं शहादेवला भाकरी कुस्करून भरवली आणि तोंड पुसत होती, तेवढ्यात आवाज सुरू झाला. पण आज तो थांबेना. ठप् ठप् ठप् ठप्, एकावर एक, दम न घेता. दाराच्या कडीतला विळा हादरत होता.

शहादेव त्या दाराकडं बघत होता. बहिरा माणूस, पाठीवर पडलेला, आणि मान वळवून टक लावून त्या दाराकडं बघत होता.

"बंकट आलाय का गं?" त्यानं विचारलं.

केशरबाई उठली. तिनं विळा उपसला आणि दार ढकललं. आत कुणी नव्हतं. आकड्याची जुनी दोरी मात्र ताणली जात होती आणि सैल पडत होती, ताणली जात होती आणि सैल पडत होती. खालचं टोक कुणाच्यातरी मुठीत असल्यासारखं वळलेलं होतं.

ती किंचाळली नाही. जे लेकरू आपण वाढवलं, त्याला भिऊन कसं चालेल? ती एवढंच म्हणाली, "जाते बाबा. आता जाते." हातात विळा तसाच होता. ती अनवाणीच उन्हात निघाली.

वाटेत तिला कुणी भेटलं नाही. माळावर एक वावटळ उभी होती, पांढऱ्या धुळीची, एका जागी फिरणारी. वावटळीत भूत नाचतं म्हणतात. दिसली की बायका थुंकतात. केशरबाईचं तोंड एवढं कोरडं पडलं होतं की थुंकीही येईना. ती चालत राहिली, आणि वावटळही तिच्या बरोबरीनं, रस्ता सोडून माळामाळानं, छावणीच्या दिशेनं येत राहिली.

छावणीत सामसूम. माणसं जाळीखाली आडवी, जनावरं रवंथ करत. कडूबाई तेवढी चुलीवर चहा ठेवून बसलेली. केशरबाईनं पाण्याचं रिकामं टिपाड लोटत लिंबाखाली आणलं आणि त्यावर चढली. घंटेच्या पोटात लोलक दिसतच नव्हता. दोरे, चिंध्या, केसाचं गंगावन, बांगड्या, इवलासा पाळणा, असा एक मोठा लाल गोळा होता. तिनं विळा घातला.

"आगं ए! काय करायलीस?" कडूबाई धावली, तिचे पाय धरून ओढू लागली. "माझी म्हैस! माझी म्हैस मरंल की गं!"

केशरबाई कापत राहिली. कुणाचा पाऊस खाली पडला, कुणाचं लेकरू, कुणाची गाय. शेवटी लोखंडापाशी तिची स्वतःची चिंधी आली. हळदीची, ओळखीच्या काठाची. तिथं तिचा हात थांबला. तिला रडू फुटलं. कुंकू पुसायची वेळ दुसरं कुणी आणत नव्हतं, तिच्याच हातातल्या विळ्यानं येत होती. "बंकट, तुझा भाऊ हाय रं यात," ती म्हणाली आणि तिनं गाठ कापली.

मग दोरी धरून ओढली.

त्या घंटेचा खरा आवाज छावणीतल्या कुणीच कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. लोकं उठली ती मेल्यासारखी पांढरी पडून. आणि शहादेवनं सांगितलेलं तेवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. दावी सुटली, न सुटणारी कापली गेली, पोरं काखेत मारली गेली. भांड्यांकडं, चुलींकडं कुणी पाहिलं नाही. कडूबाईसुद्धा उकळता चहा तसाच टाकून म्हशीच्या शेपटीमागं पळाली. बघता बघता सगळी छावणी बाहेर माळावर, उन्हात, धापा टाकत उभी राहिली आणि मागं वळून बघू लागली.

कुठं काही नव्हतं. धूर नाही, जाळ नाही. रिकाम्या जाळीखाली केशरबाई एकटी घंटा बडवत होती.

आता शिव्यांना सुरुवात झाली. आप्पाराव ऑफिसच्या खोलीत पंख्याखाली आडवे झाले होते, ते बनियनवरच बाहेर आले. "शादेवची बायको येडी झाली का काय? खाली ओढा तिला!" चारदोन बाप्ये पुढं निघाले. केशरबाईनं दोरी सोडली आणि टिपाडावरून उतरून त्यांच्याकडं चालत आली. तिलाही काही सांगता येत नव्हतं. तिनंही आग पाहिली नव्हती. तिला नवऱ्याचं वाक्य आठवत होतं, फुकट वाजवली की ती आग मागते.

ती माळावर पोचली आणि तिच्या पाठीमागून वावटळ छावणीत शिरली. सगळ्यांनी पाहिलं. ती सरळ लिंबाखाली गेली, कडूबाईच्या चुलीवर क्षणभर फिरली, निखारे उचलले आणि वर जाळीत नेऊन टाकले. जाळी पेटली ती एकदम. वितळलेले थेंब खाली कडब्यावर पडू लागले. टँकर आलेला नव्हता. डोळ्याची पापणी लवेपर्यंत जिथं माणसं झोपली होती तिथं नुसता जाळ उभा होता.

संसार गेले. पण एकही खूर त्या दिवशी जळाला नाही, एकही लेकरू नाही.

आणि म्हणूनच गावाला आजतागायत ठरवता आलेलं नाही. अर्धे म्हणतात, केशरबाईनं घंटा वाजवली म्हणून सगळे वाचले. अर्धे म्हणतात, घंटा वाजवली म्हणूनच कडूबाईची चूल उघडी पडली आणि आग लागली. वाद पारावर आला की भांडणावर जातो. कडूबाई मात्र कुठल्याच बाजूनं बोलली नाही. त्या जाळाकडं बघत तिनं केशरबाईचा हात धरला होता आणि म्हैस घरी नेईपर्यंत सोडला नव्हता.

केशरबाई घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. केसात राख, पायांना फोड. दाराबाहेर ती उभी राहिली आणि आत जायचा तिला धीर होईना. गाठ तिनं कापली होती. नवसाला दिलेलं देवानं परत घेतलं असेल, तर आत काय असेल? तिनं हाका मारल्या नाहीत. बहिऱ्या माणसाला हाक मारून उपयोग काय. शेवटी तिनं दार लोटलं.

शहादेव बाजेवर उठून बसला होता. मोडक्या हाडाचा माणूस, कुणाच्याही हाताशिवाय, भिंतीला पाठ लावून. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"वाजली," तो म्हणाला.

"तुमाला ऐकू आली?" तिनं ओठ हलवले. "इथवर? तुमाला?"

"वाजली गं. लख्ख वाजली." त्यानं पत्र्याच्या खोलीकडं बोट केलं. "आता त्यानं दोरी सोडली आसंल. लई वरसं वडत हुता. हात दुखले आसतील गं त्याचे."

केशरबाई खोलीत गेली. जळक्या कापसाचा वास नव्हता. खोली नुसतीच तेलाची आणि पितळेची होती. जुनी दोरी आकड्यावरून सुटून खाली जमिनीवर पडली होती. तिनं ती उचलली. जिथं मूठ बसते तेवढा भाग ओला होता, घामानं भिजावा तसा.

ती बाहेर आली आणि नवऱ्याच्या पाठीला लावायची तेलाची बाटली घेतली. मग उंबऱ्यात बसून तिनं ती दोरी मांडीवर घेतली, तळहातावर तेल ओतलं आणि मूठ बसते त्या जागी हळूहळू चोळत राहिली.